झाकणाच्या आतला लाल ठिपका

आधीच माफी मागून घेतो. ललित लेख लिहायला बसावं असं माझ्याकडे काही नाही. मराठी मी नववीपर्यंत शिकलो, कराडजवळच्या एका शाळेत. मग मामांनी वडलांना इकडे बोलावून घेतलं आणि आम्ही न्यू जर्सीत आलो. त्यानंतर मराठीत जे काही लिहिलं ते आजीला पाठवलेल्या मेसेजपुरतं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं कुणाला दाखवावं, त्याने 'इथे जरा अडखळतंय' म्हणावं, अशी सोयही घरात नाही. शिवाय विषय असा, की सांगायला लागलो की समोरचा हळूच फोन काढून बघायला लागतो: जुने, बिननावाचे, नक्कल केलेले घरगुती कॉम्प्युटर. आणि शेवटची माफी याची, की या लेखात तुच्छता फार आहे. मी ती काढून बघितली. ती काढल्यावर पानावर काही उरेना, म्हणून परत घातली.

मे महिना परत आला आहे. आमच्या गावी, पिस्कॅटवेत, मे म्हणजे पिवळी धूळ. ओकच्या झाडांचे पराग गाड्यांच्या काचांवर असे बसतात, की कुणीतरी गल्लीभर बेसनाची पोती झटकली असावीत. लायब्ररीत परीक्षेच्या अभ्यासाची शांतता असते आणि त्या शांततेत सगळे शिंकत असतात. बाहेर ताज्या कापलेल्या गवताचा वास, फुलझाडांच्या बुडाशी टाकलेल्या लाकडाच्या भुशाचा ओला, आंबूस वास. आणि घरोघरी विक्रीच्या पाट्या. आमच्याकडचे निवृत्त काका-काकू याच दिवसांत घरं विकतात आणि मुलांजवळ राहायला जातात, कुणी टेक्ससला, कुणी व्हर्जिनियाला. गॅरेजची दारं उघडी, आत चाळीस वर्षांचा पसारा, आणि घरमालक त्या पसाऱ्याकडे असा बघत उभा, जणू तो दुसऱ्याच कुणीतरी रात्रीतून आणून टाकला आहे.

ही पिवळी धूळ दिसली की मला मागचा मे आठवतो आणि माझं तोंड कडू होतं.

मागच्या मे महिन्यात माझा सिग्नल्स या विषयाचा पेपर होता. तो जड जाणार हे मला ठाऊक होतं आणि तरी शनिवारची सकाळ मी इंजिनिअरिंगच्या इमारतीच्या तळमजल्यावर घालवत होतो. तिथे जुन्या कॉम्प्युटरच्या हौशी लोकांचा एक क्लब भरतो. काही प्राध्यापक, काही निवृत्त इंजिनिअर, काही गावातले असेच. मी पहिल्यांदा गेलो तो एका विषयात जादा गुण मिळतात म्हणून. नंतर वासासाठी जात राहिलो. जुना कॉम्प्युटर चालू करून थोडा तापला, की इस्त्री गरम होताना येतो तसा एक वास येतो, तापलेल्या धुळीचा, थोडा गोडसर. तो आला की खोलीतली मोठी माणसंसुद्धा बोलायची थांबतात. तेवढा क्षण मला ती आवडायची.

बाकीचा वेळ नाही. त्यांच्याबद्दल मला आदर वाटायला हवा होता, मी प्रयत्नही केला. पण ज्या यंत्रावर मोठ्या कंपनीचं चिन्ह आहे त्याला ते पांढरे हातमोजे घालून उचलायचे, आणि तेच यंत्र बिनचिन्हाचं असलं तर पायाने सरकवायचे. कुणी कॉम्प्युटर चोरून नेला आणि नुसतं ते चिन्ह मागे ठेवलं असतं, तरी मला वाटतं यांना दुपारपर्यंत कळलं नसतं. चिन्हवाल्यांना काचेचं कपाट. बिनचिन्हाचे भिंतीकडेला, हीटरच्या पाइपाखाली, एकावर एक.

या बिनचिन्हाच्या यंत्रांना क्लोन म्हणतात. नावाजलेल्या कंपनीचा कॉम्प्युटर घ्यायचा, आतला हिरवा बोर्ड रेघेला रेघ उतरवायचा, बाजारात मिळतील त्या चिपा लावायच्या आणि साध्या पेटीत घालून स्वस्तात विकायचा. त्या काळी हे जगभर चाललं. नाव लावलं तर वकिलाची नोटीस येणार, म्हणून नाव नाही. मग आज असं यंत्र हाती आलं तर ते कुणी बनवलं हे ओळखायचं कसं? त्याचं क्लबात एक शास्त्र आहे. चिपेच्या पाठीवर ती कधी बनली ते छापलेलं असतं. सगळ्यांत नवी चिप शोधायची, यंत्र तिच्याआधीचं असू शकत नाही. बोर्डावर जिथे मूळ कंपनीचं नाव असायचं, तिथली जागा नक्कल करणाऱ्याने कशी कोरी सोडली आहे ते बघायचं. मग रॉम नावाची चिप, जिच्यात यंत्राची पहिली अक्कल साठवलेली असते, ती वाचून मूळ यंत्राशी ताडून बघायची. शास्त्र चांगलं आहे. मी बोलतोय ते ज्यांच्या हातात आहे त्यांच्याबद्दल.

क्लबचा म्होरक्या ग्लेन. दाढीवाला, दिलदार, कुणालाही डोनट देणारा आणि स्वतःबद्दल कधीही शंका न येणारा माणूस. घरं आवरायच्या त्या दिवसांत कुणीतरी एका खोक्यात घालून एक बिननावाचा कॉम्प्युटर क्लबच्या दाराशी ठेवून गेलं होतं. ग्लेनने स्क्रू काढले, झाकण उलटं करून टेबलावर ठेवलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, मधोमध, बोटाच्या पेराएवढा एक लाल ठिपका होता.

"देअर यू गो," ग्लेन म्हणाला. "फॅक्टरी इन्स्पेक्शन मार्क. लाल लॅकर. तैवान."

कुणी मान डोलावली, कुणी फोटो काढला. मग ग्लेनने खोकं हलवलं आणि बोर्डाखालून तांदळाचे चार दाणे घरंगळत आले, कच्चे, पिवळट.

"रोडंट्स," तो म्हणाला. "उंदरांनी संसार थाटलेला दिसतोय." आणि त्याने हातमोजे घातले. क्लोनसाठी हातमोजे घातलेले मी तेवढे एकदाच पाहिले.

मी जवळ जाऊन बघितलं. ठिपक्याखाली पिवळा फराटा होता. हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचं बोट, वर अक्षता. आमच्या घरी दसऱ्याला वडील दुकानातला खोकी कापायचा कटर, आईचं पोळपाट-लाटणं आणि माझा लॅपटॉप एका पाटावर मांडून पूजा करतात. माझ्या लॅपटॉपच्या कोपऱ्यावर असाच डाग आहे. वर्गात मी त्यावर हात ठेवून बसतो.

"आय थिंक," मी म्हणालो, "इट्स काइंड ऑफ रिलिजस."

"तैवानच्या फॅक्टरीत, किडो?"

सगळे हसले. मीही हसलो, मला तेवढंच जमतं. पण बसमध्ये बसल्यावर माझ्या अंगात असा तोरा चढला की विचारू नका. हे म्हणे तज्ज्ञ! कुठल्यातरी मराठी घरात हा डबा आला, दसऱ्याला कुणीतरी त्याची पूजा केली, आणि हे शहाणे कुंकवाला लॅकर आणि अक्षतांना उंदीर म्हणतायत. सबंध रस्ताभर मी त्यांची मनातल्या मनात मापं काढत होतो. इतका आनंद मला त्या सेमिस्टरमध्ये दुसऱ्या कशाने झाला नव्हता.

आई पोळ्यांच्या ऑर्डरी घेते आणि शनिवारी त्या पोचवायचं काम माझं. त्या दिवशी शेवटची पोळ्यांची पिशवी कुंदाकाकूंची होती. काकू मूळच्या नागपूरच्या, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या, लग्नानंतर इथे आलेल्या. संधिवाताने मनगटं दुखतात म्हणून पोळ्या आमच्याकडून घ्यायच्या, आणि दर खेपेला कडेला कच्ची राहिलेली एक तरी पोळी काढून दाखवायच्या. काका टेलिफोन कंपनीच्या संशोधन विभागातून निवृत्त झालेले, नावावर पेटंटं, इथल्या मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष, तिथे सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. घर विकलं गेलं होतं. महिनाअखेरीला दोघं मुलीजवळ, टेक्ससमध्ये अर्विंगला जाणार होती. हॉलभर खोकी.

"काकू, एक गंमत दाखवू?" मी फोन पुढे केला. "क्लबात आलंय. ते म्हणतात, हा तैवानच्या फॅक्टरीचा शिक्का. आणि अक्षता म्हणजे उंदीर!"

काकूंनी चष्मा पदराने पुसला, फोटो दोन बोटांनी मोठा केला. हसल्या नाहीत.

"शिक्काच आहे तो."

"नाही हो काकू, कुंकू आहे. कुणीतरी दसऱ्याला..."

"कुंकू म्हणजे काय ते मला शिकवून राहिला का तू?" त्यांनी फोन परत दिला. "दसऱ्याला कुंकू वरून लावतात. कोण बाप्पा स्क्रू काढून झाकणाच्या आत लावत बसेल? आतून लावतो तो बनवणारा. झाकण बसवायच्या आधी. मी लावायची. प्रत्येकाला."

मला समजायला वेळ लागला. म्हणजे ग्लेन बरोबर होता. तो बनवणाऱ्याचाच शिक्का होता, तपासून झाल्याची खूण होती. फक्त तपासणारी बाई तैवानात नव्हती, याच घराच्या बेसमेंटमध्ये होती. आणि मी, ज्याला कुंकू दिसल्याचा एवढा गर्व झाला होता, मला कुंकू दिसलं आणि पूजा करणारं गिऱ्हाईकच आठवलं. बनवणारा आपल्यातला असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. ग्लेनची मापं काढायला घेतलेली पट्टी मी गुपचूप खाली ठेवली. पूर्ण नाही. थोडी.

त्या दुपारी काकू पोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊनच बोलत राहिल्या. सबंध हिवाळा बेसमेंटमध्ये. चिपा जोडायचं सोल्डर वितळताना राळेचा वास यायचा, देवळात आल्यासारखा. अंगात दोन स्वेटर, पायात काकांचे मोजे, आणि वर गॅसवर कुकर. शिट्टी झाली की हातातली चिप तशीच ठेवून वर धावायचं. मुलगी तान्ही होती, तिचा पाळणा जिन्याच्या तोंडाशी, म्हणजे रडलेली ऐकू येईल. काका शनिवार-रविवार मूळ यंत्राचा बोर्ड कागदावर उतरवायचे आणि रॉमची चिप कॉपी करायचे. आठवडाभर ते नोकरीवर. बोर्डावर चिपा बसवणं, सोल्डर करणं, चालू करून बघणं, धूर आला की पंख्याने उडवून परत बघणं, सगळं काकूंचं. मग ती यंत्रं ओळखीच्या मराठी घरांत जायची, मुलं शिकावीत म्हणून.

"नाव का नाही दिलं काही?"

"ह्यांना भीती. ग्रीन कार्ड व्हायचं होतं. कंपनीला कळलं असतं तर उचलून परत नागपूर. मी म्हटलं, नाव नको तर नको. पण एवढं राबते आहे तर एक बोट तरी लागू द्या."

इतक्यात मुलीचा फोन आला. काकूंनी स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं.

"आई, सीरियसली? इट्स ई-वेस्ट! अँड यू वर होम फॉर अस, दॅट्स अ बिग डील टू, ओके?"

"ऐकलंस?" फोन ठेवल्यावर काकू मला म्हणाल्या. "हीच ती. पाळण्यातली." मग, माझ्याकडे न बघता: "ते कपाटात ठेवतात तेव्हा खाली कार्ड लावतात ना रे? त्याच्यावर माझं नाव येईल का? लग्नपत्रिकेत छापून आलं होतं. त्यानंतर कुठे कुणी छापलं नाही."

मी हो म्हणालो. मला कुणी काही मागितलं की मी हो म्हणतो.

पुढच्या शनिवारी ग्लेनने माझं सगळं ऐकून घेतलं, डोनटसुद्धा दिला.

"वंडरफुल स्टोरी," तो म्हणाला. "पण तू तिला फोटो आधी दाखवलास?"

"हो."

"मग आता ती जे सांगेल ते फोटो बघून सांगितलं नाही कशावरून?"

मला राग आला, कारण तो बरोबर होता. तोवर त्यांनी रॉम वाचून ताडून पाहिली होती. मूळ चिपेशी तुलना करता फक्त दोन ठिकाणी फरक. एक, यंत्र सुरू होताना पडद्यावर कंपनीचं नाव यायचं ती जागा. मला क्षणभर वाटलं, तिथे काकूंचं नाव असेल. एखाद्या गोष्टीत असतं. तिथे नुसत्या कोऱ्या जागा भरल्या होत्या. दुसरा फरक भलतीकडेच: एकच आकडा बदललेला, तिथे ज्याचा काही उपयोगच नाही. तो का बदलला हे क्लबात कुणाला सांगता येत नव्हतं.

"ज्याने बदलला त्याला माहीत असणार," ग्लेन म्हणाला. "तो माणूस आण. नाहीतर अशाच खुणेचं दुसरं मशीन आण. मी कार्ड बदलतो. तोपर्यंत, सॉरी किडो, अननोन, प्रॉबेबली तैवान."

तो माणूस गॅरेजमध्ये होता, आपल्या पेटंटांच्या पितळी पाट्या बबल रॅपमध्ये गुंडाळत.

"काका, ते क्लबातलं मशीन..."

"कुठलं मशीन?"

"तुम्ही आणि काकू बनवायचात ते. रॉममध्ये एक आकडा बदललाय. तो का बदलला एवढं तुम्ही सांगितलंत तर काकूंचं..."

"आम्ही काही बनवत वगैरे नव्हतो. हॉबी होती. सगळेच करायचे."

"पण आता त्याला काय होणारे, काका? एवढी वर्षं झाली."

त्यांनी टेपचा रोल खाली ठेवला. "दुसऱ्याचा कोड होता तो. मी उचलला. याला चोरी म्हणतात. मी फोन करून त्या लोकांना सांगू की मी चोर आहे? कचरा आहे तो. मरू दे."

"कचरा कोणाला म्हणून राहिले?" स्वयंपाकघराच्या दारातून काकूंचा आवाज आला.

"तुला नाही गं."

"मग कोणाला? हात माझे होते."

काकांनी रोल परत उचलला. टेपचं टोक नखाने शोधत राहिले, त्यांना ते सापडेना. मला त्यांची दया यायला हवी होती. पण याच काकांनी दिवाळीच्या कार्यक्रमात आम्हा कॉलेजच्या मुलांना समोर बसवून 'इंटिग्रिटी'वर व्याख्यान दिलं होतं, स्लाइड्ससकट. पहिल्याच स्लाइडवर होतं, नेव्हर कॉपी. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. खरंच घेतलं होतं. आमच्या घरी असं सांगणारं दुसरं कुणी नाही. आता ते आठवून मला स्वतःचीच कीव आली. बायकोचं नाव कार्डावर यायला यांना एक वाक्य बोलायचं होतं, आणि हे टेपचं टोक शोधत होते.

राहिलं दुसरं मशीन. काकूंनी जुन्या ओळखी सांगितल्या आणि अभ्यास सोडून मी फोन करत सुटलो. त्या फोनांचं काय सांगू?

"अरे ते डबडं? केव्हाच फेकलं." हसणं. "कुंदा बनवायची? छे छे, काहीतरीच. भाऊसाहेबांचं डोकं होतं ते. ती बिचारी चहा आणून द्यायची."

"यार, माझ्या मुलाने त्याच्यावर पहिला गेम खेळला, आज मोठ्या पोस्टवर आहे. हो, मशीन ना? बेसमेंटमध्ये पाणी भरलं होतं तेव्हा गेलं वाटतं. कुणाचं म्हणालास? तू कुणाचा? दुकानात असतात ते? अच्छा, अच्छा."

तो 'अच्छा' मी ओळखतो. मला तो पदोपदी भेटतो. त्यानंतर आवाज गोड होतो आणि फोन लवकर संपतो.

शेवटी व्हर्जिनियात, ॲशबर्नला एक यंत्र सापडलं. एका निवृत्त डॉक्टर काकांचा मुलगा, तिथल्याच डेटा सेंटरमध्ये काम करणारा, त्याला जुन्या कॉम्प्युटरचं वेड. वडलांच्या माळ्यावरून त्याने तेच यंत्र उतरवून घेतलं होतं. मी लगेच विचारलं.

"झाकणाची आतली बाजू बघाल का जरा?"

"ओ मॅन, आतून तर इतकं घाण होतं! समथिंग रेड, समथिंग यलो, बुरशी असेल. डोन्ट वरी, मी सगळं डीप क्लीन केलं. इट्स लाइक न्यू नाऊ."

त्याने फोटोही पाठवला. पांढरं स्वच्छ, दवाखान्यातल्या ट्रेसारखं. खाली अंगठा वर केलेला. त्याच्या आईने बहुधा त्याच्या पहिल्या गाडीलाही कुंकू लावलं असेल, आणि त्यानेही ते हसत लावून घेतलं असेल. वर लावलेलं दिसतं आणि आत लावलेलं बुरशी वाटतं, एवढीच यांची ओळख. मी 'थँक यू सो मच' लिहिलं. दुसरं काय लिहिणार होतो? पुढे त्याच्याच कंपनीत मला इंटर्नशिप मागायची होती.

पेपरच्या आदल्या संध्याकाळी मंडळाने काका-काकूंचा निरोपसमारंभ ठेवला. शाळेच्या कॅफेटेरियात, घड्या घालायच्या टेबलांवर, प्लास्टिकच्या थाळ्यांतून बटाटेवडे आणि श्रीखंड. पोळ्या आमच्याच. काकांना शाल, श्रीफळ. भाषणं. आमच्या पिढीने या देशात शून्यातून, वगैरे. एका वक्त्याने तर कमाल केली. त्याला कुठूनतरी कुणकुण लागली असावी. तो म्हणाला, आपण सगळेच इथे बिननावाचे आलो आणि स्वतःचा ब्रँड झालो. टाळ्या. मला त्या उपमेची इतकी शिसारी आली, की वडा तोंडात फिरायला लागला. माणूस म्हणजे कॉम्प्युटर नव्हे. आणि जिचं नाव खरोखर लागलं नव्हतं ती समोर बसली होती, तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. नाही, बघितलं, शेवटी. "भाऊसाहेबांच्या या सगळ्या यशामागे वहिनींची खंबीर साथ," असं म्हणून काकूंना एक पुष्पगुच्छ दिला. त्यावरही कार्ड होतं. 'सौ. वहिनींस.'

काकू ते कार्ड वाचून माझ्याकडे वळल्या. "खंबीर साथ म्हणे. सोल्डरिंग आयर्नलासुद्धा स्टँड लागतो, तो मी." आणि खळखळून हसल्या. टेबलापलीकडे काका शालीच्या घड्या नीट करत होते. त्यांना ऐकू गेलं असावं. त्यांनी वर बघितलं नाही.

सिग्नल्सचा पेपर मला जसा जायचा तसा गेला. महिनाअखेरीला काका-काकू गेले. क्लबने त्या यंत्राला काचेच्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर जागा दिली, कारण लाल ठिपक्यामुळे ते त्यांना 'इंटरेस्टिंग' वाटत होतं. खाली कार्ड: बनवणारा अज्ञात, बहुधा तैवान. फोनवर मी काकूंना खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे रे. पेपर कसा गेला?" मग अर्विंगच्या उन्हाबद्दल आणि तिथल्या दुकानात मिळणाऱ्या तयार पोळ्यांबद्दल बोलल्या, रबर आहेत म्हणाल्या.

तेव्हापासून मी शनिवारी तिकडे जाणं सोडलं. भांडण नाही झालं, मला भांडता येत नाही. फक्त वर्गाला जाताना कपाटाशेजारून जावं लागतं, तेव्हा मान दुसरीकडे करायची सवय झाली. तुच्छतेचं असं आहे की ती फार मन लावून सांभाळावी लागते. मी वर्षभर सांभाळली. ग्लेनची वेगळी, डबडं म्हणणाऱ्यांची वेगळी, ॲशबर्नच्या अंगठ्याची वेगळी. काकांची सगळ्यांत वर. आईला एकदा हे सांगितलं तर ती कणीक मळता मळता म्हणाली, "एवढ्या जणांचा राग धरून तू जेवतोस कधी?" तिचं बरोबर असेल. पण मला अजून वाटतं, की यातलं कुणीही, मी धरून, त्या बाईच्या एका साध्या मागणीच्या लायकीचं निघालं नाही.

असं मी या लेखात इथपर्यंत लिहिलं होतं, आणि लेख इथेच संपवणार होतो.

काल ग्लेनची ईमेल आली. टेक्ससहून एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला होता, असं त्याने लिहिलं आहे. आधी बराच वेळ ते हवापाण्याचंच बोलत राहिले. मग त्यांनी आपणहून सांगितलं, की कंपनीचं नाव काढल्यावर चिपेतल्या आकड्यांची बेरीज चुकायची आणि यंत्र सुरूच व्हायचं नाही. ती जुळवायला म्हणून दुसरीकडे एक आकडा बदलावा लागला. कुठला आकडा आणि किती, तेही सांगितलं. ग्लेनने ताडून पाहिलं, तंतोतंत निघालं. आत्ताच का सांगावंसं वाटलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि ग्लेनने विचारलं नाही. त्याने एवढंच विचारलं, की कार्डावर दोघांचीही नावं लिहू ना?

ते म्हणाले, नको. मी फक्त कॉपी केली, मशीन तिने बनवलं. आणि मग त्यांनी काकूंचं नाव एकेक अक्षर सावकाश सांगून त्याला लिहून घ्यायला लावलं, आणि परत वाचून दाखवायला लावलं.